नानांचा वीस फुटी पाइप

वैशालीवर अन्याय झाला. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी, सकाळी साडेआठ आणि नऊच्या मध्ये, जळगावहून नशिराबादकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या आमच्या मैदानावर. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. अन्याय करणाऱ्यांची नावं विचाराल तर पहिलं नाव सुकदेव नानांचं आणि दुसरं माझं. तिसरा गुन्हेगार आजही भिंतीवर आहे, त्याच्याकडे मी येणारच आहे. नाना सहा आठवड्यांपूर्वी गेले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं हा रिवाज मला ठाऊक आहे. पण शेवटचा महिनाभर नाना जी गोष्ट सांगत दारोदार फिरले, तीच झाकून ठेवून त्यांचे गोडवे गायचे, हे माझ्याच्यानं होणार नाही.

बातमी आली तेव्हा मी धुळ्याच्या बसस्टँडवर होते. शाळकरी खेळाडूंच्या दुखापतींवर आम्ही चारपाच जणी मिळून पत्रकं काढतो, त्यांचा गठ्ठा पायाशी होता. दुपारचा दीड वाजलेला. मे महिना. लोखंडी बाकाला हात लावला तर चटका बसावा असं ऊन. फोन अक्कांचा, म्हणजे नानांच्या बायकोचा. अक्का स्वतःहून कधी कुणाला फोन करत नाहीत, म्हणून नाव दिसल्याबरोबर मी उभी राहिले. "पोरी, नाना मैदानवर पडनात. तू ये." मी विचारलं, दवाखान्यात नेलं का? त्या म्हणाल्या, "आते कसाले."

सत्तरीला टेकलेला माणूस मे महिन्यात भर दुपारी रिकाम्या मैदानावर काय करत होता, हे मला नंतर एकानेही विचारलं नाही. सगळे म्हणाले, ऊन लागलं. मला मात्र ते तिथे का गेले होते ते माहीत होतं.

नाना मूळचे धुळ्याजवळच्या एका खेड्यातले. उभं आयुष्य पाइपात गेलं. विहिरीपासून शेतापर्यंत पाइपलाइन टाकायची, चर खणायचा, पाइपात पाइप बसवत जायचं, शेवटी मोटर चालू करून पाणी पोचलं की नाही ते बघायचं. त्या कामासाठीच ते जळगावला आले आणि इथलेच झाले. आमच्या शाळेच्या मैदानावर पाण्याची लाइन टाकायला आले तेव्हा खेळाचे सर आम्हाला बेसबॉल शिकवत होते. नाना चरात उभे राहून बघायचे. आठ दिवसांचं काम, ते त्यांनी महिनाभर पुरवलं. सरांची बदली झाली आणि संघ मोडायची वेळ आली तेव्हा हा पाइपवाला म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, मी बघतो. मी त्यांच्या पहिल्या तुकडीतली कॅचर, पुढे मैदानावर त्यांची मदतनीस. कॅचरला नडगीला कवच लागतं आणि शाळेकडे ते नव्हतं. नानांनी चार इंची पाइपाचा तुकडा उभा चिरला, शेगडीवर मऊ केला, माझ्या पायाच्या आकाराचा वाकवला, आतून जुन्या चपलांचं रबर लावलं. मी ते बांधून चालले की खडखड आवाज यायचा. "आली बघा बोअरवेल," असं पोरी म्हणायच्या. पण माझ्या नडगीला कधी साधं खरचटलंही नाही. ही पोरींच्या हाडांची काळजी करणारी नानांची बाजू. ती मी आधी सांगते, कारण पुढचं वाचताना तुम्ही ती विसरणार आहात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. कॅचर बॅटवालीच्या मागे, म्हणजे होम प्लेटशी, उकिडवी बसते. फर्स्ट बेसवर उभी असलेली दुसऱ्या संघाची मुलगी, चेंडू टाकला जातो तेवढ्यात सेकंड बेसकडे पळत सुटते. याला खेळात चोरी म्हणतात आणि ही चोरी कायदेशीर असते. कॅचरने चेंडू झेलायचा, उठायचं आणि चोर पोचायच्या आत तो सेकंड बेसवर पोचवायचा. आमच्या वयोगटाच्या मैदानावर हे अंतर एकशे तेरा फूट. "चोर पयना की पोलिसनी इचार नही करना," असं नाना म्हणायचे. विचार करायचा नाही, फेकायचं.

आता तो फळा. पंपघराच्या भिंतीवर काळा रंग मारून नानांनी पांढऱ्या ऑइलपेंटने चार ओळी लिहिल्या होत्या. बारा वर्षं, सत्तर. तेरा, पंच्याहत्तर. चौदा, ऐंशी. पंधरा, पंच्याऐंशी. वय आणि फेकीचा वेग, तासाला इतके किलोमीटर. हे आकडे कुठून आले? कुठल्याशा शिबिरात वाटलेल्या झेरॉक्सवरून. ते कुठल्या देशातल्या मुलांचे, मुलांचे की मुलींचे, दूधअंडी खाणाऱ्यांचे की ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर शाळेत येणाऱ्यांचे, हे कुणीही विचारलं नाही. मीही नाही. पुढे जिल्ह्याच्या निवड समितीला तो फळा इतका आवडला की त्यांनी नियमच केला: ज्या कॅचरचा वेग आकड्याला पोचणार नाही, तिचं नाव पाठवायचं नाही. म्हणजे भिंतीवर रंगवलेला उत्साह बघता बघता कायदा झाला.

वेग मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. नानांची युक्ती सोपी होती. चेंडू हातातून सुटल्यापासून पलीकडच्या ग्लोव्हमध्ये पडेपर्यंतचा वेळ घड्याळावर घ्यायचा आणि अंतराला त्या वेळेने भागायचं. आणि अंतर? ते नानांनी पाइपाने मोजलेलं. त्यांच्याकडे खास वीस फूट मापाचा पाइप होता, जन्मभर त्यानेच चर मोजले होते. पाइप ठेवायचा, टोकाशी फक्कीची खूण करायची, उचलून पुढे ठेवायचा. असे पाच पाइप आणि वर तेरा फूट. मी एकदा म्हटलं, नाना, दुकानातून टेप आणू का? तर हसले. "टेप ढिला पडस, बेटा. पाइप खोटं बोलत नही."

वैशालीची आई डाळ मिलमध्ये निवडणीच्या कामाला जाते. वैशाली नानांकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती, काटकुळी, मोठ्या डोळ्यांची, आणि उकिडवी बसली की तासभर हलायची नाही. नाना तिला बघून म्हणाले होते, ही जन्मानी कॅचर शे. बाराव्या वर्षाचा सत्तरचा आकडा तिने सहज गाठला. तेरावं लागलं आणि ती अडकली. त्र्याहत्तर. कालही त्र्याहत्तर, आजही त्र्याहत्तर. फार जोर लावला की चौऱ्याहत्तरला शिवून परत यायची. पोरींनी तिचं नावच त्र्याहत्तर पाडलं. "ए त्र्याहत्तर, पाण्याची बाटली दे." ती हसायची आणि बाटली द्यायची. डाव्या हाताने.

तो डावा हात मी पाहिला होता. हे मला आज लिहावं लागतं आहे. दिवाळीनंतर तिने स्वतःची वेणी घालणं सोडलं, आई घालून द्यायला लागली. दप्तर डाव्या खांद्यावर गेलं. एकदा मैदानाच्या कडेला डबा खाताना मी बघितलं, ती घास तोंडाकडे नेत नव्हती, तोंड घासाकडे नेत होती. कोपर पुरता मिटत नव्हता. मला ते दिसलं आणि मी पुढच्या मुलीला ग्लोव्ह द्यायला गेले. तिची आई एकदा मिलची सुट्टी झाल्यावर तशीच आली होती, केसांवर डाळीची पूड होती. "नाना, पोरीचा कोपर ठणकतो, झोपेत कण्हते." नाना म्हणाले, "नवा हात शे, वहिनी. ठणकणारच. मोटर नवी असली की आवाज करतेच." आई पदराने केस झटकत परत गेली. एवढ्या मोठ्या माणसाला काय बोलणार?

त्या रविवारी घड्याळ माझ्या हातात होतं. सोमवारी समितीला नावं जायची होती. वैशालीने एकवीस वेळा फेकलं. मी एकवीस वेळा आकडा ओरडून सांगितला. एकवीसही वेळा तो कमी होता. बाविसाव्या वेळी तिने नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "आजून एक. दोनच तर कमी शेतस." ती उठली, हात मागे गेला, आणि कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला... चेंडू अर्ध्यातच पडला. ती ओरडली नाही. खाली बसली आणि हात मांडीत धरून मला म्हणाली, "ताई, किती आला?"

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. कोपराच्या आतल्या बाजूचं, हाड जिथून वाढतं ते टोक, ओढलं जाऊन सुटून आलं होतं. ते म्हणाले, हे आज झालेलं नाही, आज फक्त तुटलं, ताण महिनोन्महिने पडतोय. तुमच्यापैकी कुणाला काही दिसलं नाही का? मी नानांकडे बघितलं, नानांनी जमिनीकडे. समितीने नंतर एका वाक्यात निकाल लावला: "पोरीचा हातच कच्चा होता." आणि नाना त्या वाक्याला हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. फळा तसाच राहिला. मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि मैदान सोडलं. पहिलं पत्रक पुढच्याच महिन्यात काढलं. त्यात नानांवर लिहिलेली तीन वाक्यं अशी होती की पुढे सव्वा वर्ष आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्यातलं एकही वाक्य मी आज मागे घेत नाही.

या वर्षी मार्चमध्ये धुळ्याला स्पर्धा होती. मैदानाबाहेर मी पत्रकं वाटत होते, आत नाना त्यांच्या पोरी घेऊन आले होते. सामन्याआधी त्यांनी सवयीने तिघींचा वेग घेतला. तेच घड्याळ, तोच अंगठा. तिन्ही कॅचरचा वेग घरच्यापेक्षा दोनदोनने जास्त आला. पोरी नाचायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "नाना, धुळ्याचं पाणी लागलं!" सगळे हसले. नाना हसले नाहीत. कुंपणाच्या या बाजूने मला त्यांचा चेहरा दिसत होता. पाइपलाइनमध्ये पाणी सोडलंय, मोटर चालू आहे, आणि पलीकडच्या टोकाला धार नाही, अशा वेळी फिटरचा होतो तसा चेहरा. ते एकटेच होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंत चालत गेले. परत आले. पुन्हा गेले. पावलं मोजत होते.

तीन दिवसांनी त्यांचा निरोप आला: मैदानावर ये, टेप धरायला माणूस पाहिजे. मी गेले. का गेले ते सांगता येत नाही. नाना पंपघराजवळ उभे होते, खाली पाइप पडलेला. त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं घेऊन सेकंड बेसकडे गेले. एकशे सोळा फूट आणि वर काही इंच. मी म्हटलं, चुकलं असेल, पुन्हा धरू. "तीनदा धरेल शे," नाना म्हणाले. मग त्यांनी पाइपाचं फुगलेलं टोक पायाने माझ्याकडे वळवलं. ज्याला सॉकेट म्हणतात ते, ज्यात पुढचा पाइप शिरतो. वीतभर लांबीचं, वीस फुटांच्या मापाबाहेरचं. चरात पाइप टाकताना ते कधी मोजायचं नसतं, कारण ते पुढच्या पाइपाने भरून जातं. चाळीस वर्षं नानांच्या हाताला तीच सवय. पण मैदानावर एकच पाइप उचलून उचलून ठेवला की आत शिरायला दुसरा पाइप नसतो. प्रत्येक वेळी वीतभर अंतर वाढत जातं. पाच पाइप, पाच विती. मीटरभर. आमच्या पोरी सात वर्षं मीटरभर लांब फेकत होत्या आणि आम्ही भागाकार एकशे तेराचाच करत होतो.

"त्र्याहत्तर नव्हती ती," नाना म्हणाले. "पंच्याहत्तरच व्हती. पहिल्या दिवसपासून पोहचेल व्हती." मग सगळा दोष स्वतःकडे घेत पाइपाशेजारी मातीत बसले. "मनं चुकनं, बेटा. बठ्ठं मनं चुकनं."

मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. मी म्हटलं, नाना, समजा माप बरोबर असतं आणि ती खरंच त्र्याहत्तर असती, तर मग तिचा हात मोडणं बरोबर होतं का? त्यांनी पाइपाच्या टोकावरची माती पुसली.  मग म्हणाले, "नही." आणि पुढे, "पाइपना दोष नही, मंग."

संध्याकाळी आम्ही दोघं वैशालीच्या घरी गेलो. ती पंधरा वर्षांची झाली आहे, डाव्या हाताने लिहिते, उजवा हात अजूनही सरळ होत नाही. नाना तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि सगळं सांगितलं, सॉकेट, वीत, मीटर. तिची आई दारात उभी राहून ऐकत होती. वैशालीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता मला काय म्हणायचं, नाना? पंच्याहत्तर?" नाना तसेच मागे फिरले. रस्त्यात आले तेव्हा त्यांच्या चपला हातात होत्या, घालायच्या राहून गेल्या होत्या.

मग सुरू झाला तो महिना. नाना समितीच्या साहेबांकडे गेले. म्हणाले, माप चुकलं होतं, आकडे परके आहेत, वाढत्या हाडाला आकडा लावायचाच नसतो, फळा पुसा, नियम काढा. साहेबांनी चहा मागवला. "नाना, झालं ते झालं. आता कशाला गाळ उपसता?" नाना पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी बरोबर होते. त्या दिवशी साहेब खुशीत होते. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या बोलण्याचा अर्थ असा की आपल्या पोरी आपल्याला वाटत होत्या त्यापेक्षा दोनने पुढेच आहेत. ही तर आनंदाची गोष्ट! मग आकडे वाढवू या. प्रत्येक ओळीत पाच." नाना उठले. खुर्चीचा हात धरून उभे राहिले. एवढंच म्हणाले, "साहेब, तुमनी पोर खेळस का?" साहेब हसले. त्यांची मुलगी बुद्धिबळ खेळते.

आठवड्याभरात रंगारी येऊन गेला. बारा वर्षं, पंच्याहत्तर. तेरा, ऐंशी. चौदा, पंच्याऐंशी. पंधरा, नव्वद. माणसाने चूक कबूल केली आणि तिच्यातून हे निघालं. वैशालीचा हात ज्या आकड्यापायी मोडला तो आता बारा वर्षांच्या मुलीला लावला आहे. नाना रोज तो फळा बघायला जायचे, अक्का सांगतात, जेवायचे नाहीत. त्या दिवशी साडेअकराला ते घरून पत्र्याचा तुकडा आणि पॉलिश पेपर घेऊन निघाले. शाळेला सुट्टी होती, मैदानावर चिटपाखरू नव्हतं, आणि रोज अडवणारा शिपाई जेवायला गेला होता. म्हणून ती वेळ. ते सापडले तेव्हा वरच्या दोन ओळी भिंतीच्या विटांपर्यंत खरवडलेल्या होत्या. बारा आणि तेरा. पत्रा तिसऱ्या ओळीवर अडकलेला.

नानांच्या तेराव्याच्या आधी चारही ओळी पुन्हा रंगवून झाल्या.

परवा मी अक्कांकडे गेले होते. वीस फुटी पाइप ओसरीत दोन दगडांवर आडवा टाकलेला आहे, त्यावर अक्का लुगडी वाळत घालतात. सॉकेट जिथून सुरू होतं तिथे नानांनी लाल रंगाचं कडं काढलेलं आहे, शेवटच्या महिन्यात कधीतरी. रंग एका बाजूला ओघळलाय. मी म्हटलं, अक्का, हा पाइप मला द्याल का? त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे इथेच. ज्याले पाहनं शे त्यानी इथे येवो." मला ते पटलं. पाइप तिथेच आहे. शाळा उघडली आहे. पाऊस ओसरला की निवड चाचणी होईल आणि जिल्ह्यातल्या बारा वर्षांच्या मुली पंच्याहत्तरसाठी फेकायला उभ्या राहतील. कुणाच्या तरी हातात घड्याळ असेल. कुणीतरी म्हणेल, अजून एक.

तुमच्या घरात फेकणारी मुलगी असेल, मुलगा असेल, तर शोकसभेला येऊ नका, हार पाठवू नका. चाचणीच्या दिवशी टेप घेऊन मैदानावर या आणि त्या फळ्यासमोर उभे राहा. पण ते नंतर. आधी हा कागद खाली ठेवा, पोराला हाक मारा आणि दोन्ही हात, तळवे वर करून, सरळ पुढे करायला सांगा. मग त्याच बोटांनी खांद्यांना शिवायला सांगा. एक कोपर दुसऱ्यासारखा होत नसेल तर उद्यापासून त्याला फेकू देऊ नका, मग भिंतीवर काहीही लिहिलेलं असो. मी ते पाहिलं होतं आणि ग्लोव्ह द्यायला गेले होते. तुम्ही बघा. आत्ता.